आईने कोरवलेला इतिहास

रोमच्या ऑगस्टसने आपले पराक्रम स्वतःच लिहून ठेवले. आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातवाच्या कारकीर्दीत कोरवली. क्षहरातांचा निर्वंश केला म्हणते. आईच ती, हातचे राखून कशाला सांगेल!

पण मंडळी, त्याच डोंगरात दहाव्या लेण्यात हरलेल्या नहपानाचा जावई उषवदात आपली दाने सांगतो. तो लेख शाबूत आहे. नाण्यांना मात्र सुटका नव्हती. १९०६ साली जोगलटेंभीला सापडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी ९,००० वर सातकर्णीने आपला छाप मारलेला.

मला विचाराल तर उषवदात अधिक भरवशाचा. विणकरांच्या श्रेणींकडे भिक्षूंसाठी ठेवलेल्या ३,००० कार्षापणांवरचे व्याजही तो लिहितो: २,००० वर दरमहा शेकडा एक, बाकीवर पाऊण. आज कोणती बँक देते?