इंग्रजी रद्दी, मराठी रद्दी

आमच्या डोंबिवलीतल्या रद्दीवाल्याकडे खूप वर्षं एक काळी पाटी टांगलेली असायची. खडूनं लिहिलेली. वर 'इंग्रजी पेपर', खाली 'मराठी पेपर', त्याखाली 'वही-पुस्तक', आणि प्रत्येकापुढे किलोचा भाव. इंग्रजीचा भाव मराठीपेक्षा जास्त. लहानपणी मला वाटायचं, इंग्रजीत बातम्या चांगल्या असतात म्हणून रद्दीही महाग! पेपरची पण जात असते हा माझा पहिला धडा.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या विकांताला आईनं बाबांचं कपाट रिकामं करायला काढलं. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. खालच्या कप्प्यात सुतळीनं बांधलेले गठ्ठे निघाले. 'महाराष्ट्र टाइम्स'मधल्या अग्रलेखांची कात्रणं, गोविंद तळवलकरांच्या काळातली. आई म्हणाली, "देऊन टाक रे रद्दीत, कोण वाचतंय आता." मी म्हटलं, बघतो. आणि व्हायचं तेच झालं. आवरायचं राहिलं बाजूला, मी वाचतच बसलो.

आमच्या चाळीत दोन पेपर यायचे. म्हणजे यायचे बरेच, पण मला आठवतात ते दोन. आमच्याकडे मटा, आणि शेजारच्या आण्णांकडे 'नवाकाळ'. बाबा बँकेत कारकून, आण्णा परळच्या एका गिरणीत. बाबा मटा वाचून झाला की घडी पुन्हा जशीच्या तशी घालून ठेवत. आण्णा पाळी संपवून आले की गॅलरीत बसून नवाकाळचा अग्रलेख मोठ्यानं वाचत, ओळीवर बोट ठेवून. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. बाबा आतून म्हणायचे, "झाला यांचा पेपर ओरडायला सुरू." मीही हसायचो. आज त्याची थोडी लाज वाटते, पण तेव्हा हसायचो खरा.

ही जी बाबांची आणि आण्णांची वाटणी, ती साहेबाच्या देशात किती पक्की असते ते मला २००६ साली कळलं. कंपनीनं सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. आमच्या क्लायंटच्या ऑफिसात दारावरचा सिक्युरिटीवाला 'सन' वाचायचा, मॅनेजर 'टेलिग्राफ', आणि टेस्टिंगमधला एक दाढीवाला 'गार्डियन'. सहा महिन्यांत एकानंही दुसऱ्याचा पेपर मागितलेला मी पाहिला नाही. आपल्याकडे डोंबिवली फास्टमध्ये एका पेपरची चार पानं चार जण वाचतात आणि ठाणे जाईपर्यंत अदलाबदल करतात. मला ते फारच चमत्कारिक वाटलं. मग जरा शोधाशोध केली.

तिकडची गोष्ट साधारण अशी. पूर्वी तिथे पेपरवर सरकारी स्टँप ड्यूटी होती, त्यामुळे पेपर महाग आणि वाचणारे मूठभर. १८५५ साली ती ड्यूटी गेली. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर कामकऱ्यांची पोरं शाळेत जाऊ लागली. ती मोठी झाल्यावर त्यांना वाचायला काहीतरी हवं होतं. हे ओळखलं आल्फ्रेड हार्म्सवर्थनं. ४ मे १८९६ ला त्यानं 'डेली मेल' काढला, किंमत अर्धा पेनी. पहिल्याच दिवशी जवळपास चार लाख प्रती खपल्या. लॉर्ड सॉल्सबरी तेव्हा पंतप्रधान होते. ऑफिसातल्या पोऱ्यांनी पोऱ्यांसाठी काढलेला पेपर, असा टोमणा त्यांच्या नावावर सांगतात. म्हणजे आमच्या बाबांचंच वाक्य, फक्त जरा साहेबी थाटात!

'टॅब्लॉइड' हा शब्दही मजेशीर आहे. १८८४ साली एका औषध कंपनीनं आपल्या दाबून बनवलेल्या गोळ्यांसाठी हे नाव नोंदवलं होतं. पुढे आटोपशीर बातम्यांच्या पेपरला ते चिकटलं. मोठा पेपर म्हणजे काढा, छोटा म्हणजे गोळी. गोळी गिळायला सोपी, हे आलंच.

आता आपल्याकडे बघा. आपल्याकडे पहिली भिंत वर्गाची नव्हती, भाषेची होती. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, ते इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. १८८१ च्या जानेवारीत चिपळूणकर, टिळक, आगरकर मंडळींनी तर एकाच घरातून दोन पेपर काढले. इंग्रजीत 'मराठा', मराठीत 'केसरी'. मराठा सरकारला आणि शिकलेल्यांना ऐकवायला, केसरी बाकी सगळ्यांसाठी. रद्दीवाल्याच्या पाटीची सुरुवात इथे आहे म्हणा ना. पण गाजला कोण? केसरी. आणि १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती केसरीतल्या मराठी लेखांसाठी. साहेबाला भीती वाटली ती सर्वांना कळणाऱ्या भाषेची.

आपला ठाणे-कल्याण पट्टाही यात मागे नव्हता हं. १८६६ साली ठाण्यात 'अरुणोदय' हे साप्ताहिक निघालं, म्हणजे केसरीच्या पंधरा वर्षं आधी. आणि ठाण्यातूनच 'हिंदुपंच'ही निघायचं. नावावरूनच कळतं की लंडनच्या 'पंच'चा तो ठाणेकर भाऊ. गंभीर आणि चावट, दोन्ही चुली एकाच गावात पेटलेल्या!

आता मला सगळ्यात आवडलेला धागा. केसरीचे एक संपादक होते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. 'कीचकवध' लिहिणारे नाटककार तेच. टिळकांनंतर ते केसरीतून बाहेर पडले आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत पेपर काढला, 'नवाकाळ'. हो, तोच, आण्णांचा! पुढे त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर यांनी छोटी वाक्यं आणि रोजच्या बोलण्यातले शब्द वापरून असे अग्रलेख लिहिले की लोक त्यांना 'अग्रलेखांचा बादशहा' म्हणू लागले. म्हणजे बाबा ज्याला 'ओरडणारा पेपर' म्हणायचे, त्याची वंशावळ थेट केसरीपर्यंत जात होती. आचार्य अत्र्यांचा 'मराठा'ही तसाच (हा वेगळा, १९५६ सालचा). शिव्याशाप, कोट्या, भडक मथळे, सगळं होतं त्यात. पण संयुक्त महाराष्ट्राची चळवळ त्या पेपराशिवाय आठवून दाखवा.

आणि मटा? तो १९६२ साली निघाला, टाइम्स ऑफ इंडियाच्या घरातून. तळवलकर तिथे १९९६ पर्यंत पाव शतकाहून जास्त काळ संपादक होते. त्यांचा जन्म १९२५ चा, आणि तोही आपल्या डोंबिवलीतला! बाबांना याचा केवढा अभिमान. "जगाचं राजकारण कळायला इंग्रजी पेपर लागत नाही," असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं. आज ती कात्रणं वाचताना जाणवतं की वाचकाला हुशार समजून लिहिलेलं मराठी कसं असतं.

मग कोण बरोबर, बाबा की आण्णा?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत नेते, अडीच लाखांच्या आसपास कामगार. मी नऊ वर्षांचा होतो. पावसाळ्यात एका संध्याकाळी आण्णा आमच्या दारात आले. हातात एका मोठ्या पेपरचं पान. कुठला पेपर ते महत्त्वाचं नाही. म्हणाले, "साहेब, यात आमच्या संपाचं लिहिलंय म्हणतात. जरा सांगता का काय म्हणतोय तो?" बाबांनी चष्मा लावला, वाचलं, आणि सांगायला लागले. उत्पादकता, आधुनिकीकरण, धोरण... दोन मिनिटांनी थांबले. आण्णा वाट बघत उभे. बाबा परत सुरू झाले, परत अडकले. शेवटी म्हणाले, "आण्णा, अवघड आहे असं म्हणतोय." आण्णा म्हणाले, "ते मला माहीत आहे."

तो लेख आण्णांच्याविषयी होता, पण आण्णांसाठी नव्हता. बाबा त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत, आणि गॅलरीतल्या वाचनाला त्यानंतर कधी हसलेही नाहीत.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. आण्णा त्या काळात हातात पडेल तो स्वस्त पेपर वाचायचे, आणि त्यांतल्या बऱ्याच पेपरांत तोडगा उद्यावर आलेला असायचा. तो उद्या आलाच नाही. संप कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही. आण्णा पुढे कल्याणला एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागले. त्यांना समजेल असं लिहिणाऱ्यांनी त्यांना आवडेल तेवढंच सांगितलं, आणि ज्यांना पुढचं दिसत होतं त्यांनी ते त्यांना समजेल असं लिहिलं नाही. दर्जेदार आणि लोकप्रिय हा फरक मला त्या दोघांच्या मधल्या जागेत दिसतो, जिथे आण्णा उभे होते.

आता तो फरक तिकडेही धूसर झालाय. 'इंडिपेंडंट' २००३ मध्ये आणि 'टाइम्स' २००४ मध्ये छोट्या आकारात आले, 'गार्डियन' २०१८ मध्ये. इंडिपेंडंटची छापील आवृत्ती २०१६ मध्ये बंदच झाली. फोन चोरून ऐकण्याच्या भानगडीत 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' २०११ साली बुडाला. आणि आपण? लोकलमध्ये सगळे फोनमध्ये मान घालून. एकाच स्क्रीनवर अग्रलेख आणि त्याच्या खाली नटीचं लग्न. शेजारच्याला पान देता येत नाही, एवढं मात्र गेलं.

असो. रविवारी संध्याकाळी मी पाच किलो रद्दी घालून आलो. पाटी आता नाहीये, सगळ्याला एकच भाव. कात्रणांचे गठ्ठे मात्र घरी आणलेत. त्यात एक पान वेगळं सापडलं, १९८३ सालचं, नवाकाळचा अग्रलेख. बाबांनी तारीख घालून, कडा सरळ कापून ठेवलेला.