शिकागो, १३ सप्टेंबर २००९

५३ वर्षं आधी. १९५६. ब्रिटनमधल्या पोर्टन डाउनच्या प्रयोगशाळेत प्लेगच्या जंतूचे दुबळे झालेले वाण उंदरांना टोचले जात होते. उंदीर जगत होते. जॅक्सन आणि बरोज या संशोधकांनी जंतूबरोबर लोहही टोचलं, तेव्हा उंदीर मेले. हा निष्कर्ष त्याच वर्षी छापून आला.

कारण कळायला पुढे बरीच वर्षं लागली. रक्तात सुटं लोह जवळपास नसतंच. ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन ते धरून ठेवतं. निरोगी माणसात त्याच्या सुमारे एक तृतीयांश जागाच भरलेल्या असतात, त्यामुळे मोकळं लोह दिसलं की लगेच उचललं जातं. लोहाशिवाय प्लेगचा जंतू वाढत नाही. म्हणून तो यर्सिनियाबॅक्टिन हा लहानसा रेणू बाहेर सोडतो. हा रेणू ट्रान्सफेरिनच्या ताब्यातलं लोह हिसकावतो, आणि जंतू त्याला लोहासकट आत ओढतो.

प्लेगच्या जंतूच्या केआयएम डी२७ या दुबळ्या वाणाच्या जनुकसंचातून सुमारे १ लाख २ हजार अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. यर्सिनियाबॅक्टिन बनवण्याची कृती त्याच तुकड्यात होती. हा वाण माणसाला मारू शकत नाही, असं धरलं गेलं. अमेरिकेत अतिधोकादायक जंतूंच्या यादीतून असे वाण वगळले होते. २००९ पर्यंत त्यांच्यामुळे प्रयोगशाळेत कुणी आजारी पडल्याची नोंद नव्हती. भरवसा निराधार नव्हता. पण जे काही तपासलं होतं ते जंतूचं. तो ज्याच्या शरीरात शिरेल त्याच्याकडे लोह किती, हे कुणी मोजत नव्हतं.

१३ वर्षं आधी. १९९६. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराचं जनुक सापडलं. निरोगी माणूस अन्नातून रोज एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषतो. या आजारात रोज आणखी दोन मिलिग्रॅम जरी आत गेलं, तरी वर्षाला ७०० मिलिग्रॅमवर साठा वाढतो, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात साचतं, हृदयात साचतं, स्वादुपिंडात साचून मधुमेहही होतो. ट्रान्सफेरिनच्या जागा भरत जातात. साध्या रक्ततपासणीत हे कळतं. उपाय म्हणजे ठरावीक काळाने रक्त काढणं. एका वेळच्या सुमारे अर्ध्या लिटरमध्ये २०० ते २५० मिलिग्रॅम लोह निघून जातं.

शिकागोत एक संशोधक होता, ६० वर्षांचा. त्याला इन्शुलिनवरचा मधुमेह होता. हिमोक्रोमॅटोसिसचं निदान झालेलं नव्हतं. प्रयोगशाळेत तो केआयएम डी२७ हाताळत असे. हातमोजे तो नेहमी घालत नसे, असं सहकाऱ्यांनी नंतर सांगितलं. जंतू शरीरात नेमका कुठून शिरला, हे तपासात ठरलं नाही.

६ दिवस आधी. सोमवार, ७ सप्टेंबरच्या सुमारास. ताप, अंगदुखी, खोकला.

जंतू दर दोन तासांनी दुप्पट होतो असं धरलं, तर २० तासांत एकाचे १,०२४ होतात आणि ४० तासांत दहा लाखांवर. एरवी लोहाच्या तुटवड्याने ही वाढ अडते.

३ दिवस आधी. गुरुवार, १० सप्टेंबर. तो दवाखान्यात गेला. ते स्वाइन फ्लूच्या साथीचं वर्ष होतं. अशा लक्षणांवर डॉक्टरांना फ्लू किंवा श्वसनमार्गाचा तसाच संसर्ग वाटावा, यात चूक काढणं कठीण आहे.

रविवार, १३ सप्टेंबर. आता धापही लागत होती. रुग्णवाहिकेने त्याला रुग्णालयात आणलं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून पाहिला, तर त्यात जिवाणूंचे पुंजके होते, पांढऱ्या पेशींच्या आत आणि बाहेरही. रक्तातले जिवाणू एरवी आधी वाढवावे लागतात, मगच सापडतात. इथे ते थेट भिंगाखाली दिसत होते. प्रतिजैविकं सुरू झाली. त्याच दिवशी तो गेला.

५ दिवसांनंतर. शुक्रवार, १८ सप्टेंबर. रुग्णालयाने शहराच्या आरोग्य विभागाला कळवलं: प्लेगचा संशय. संपर्कातल्या लोकांना प्रतिजैविकं देण्यात आली. आणखी कुणीही आजारी पडलं नाही.

शवविच्छेदनात यकृतात लोहाचा साठा आढळला. जनुकीय चाचणीत हिमोक्रोमॅटोसिसला कारण ठरणारा सी२८२वाय हा बदल जनुकाच्या दोन्ही प्रतींत निघाला.