चढाचे दांते

सिरुसेरीत बसून घाटाविषयी लिहावे, हे समुद्रकाठी बसून बर्फाविषयी लिहिण्यासारखे आहे. चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम् रस्त्यालगत वसलेले हे ठिकाण आता संगणक-कचेऱ्यांमुळे प्रसिद्धीस आले. समुद्र येथून दोन कोसांच्या आत, आणि जमीन परातीसारखी सपाट. रविवारी पहाटे मी सायकल घेऊन केळंबाक्कमवरून कोवळमला उतरतो आणि समुद्रालगतच्या रस्त्याने महाबलिपुरम् गाठतो, तेव्हा वाटेत चढ म्हणावा असा एकच लागतो. तो म्हणजे एखाद्या पुलाचा! अशा मुलुखात बदलीवर आलेल्या महाराष्ट्रीय माणसास घाटाची आठवण व्हावी हे साहजिक आहे. पण माझ्या मनात घाट आला तो आठवणीमुळे नव्हे. तो आला एका दुखऱ्या गुडघ्यामुळे, आणि त्या गुडघ्याचा इतिहास शोधता शोधता मी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका वादापर्यंत जाऊन पोहोचलो.

घाट चढण्याचे उपाय माणसाला पूर्वीपासून दोनच ठाऊक होते: वाट लांबवावी, नाही तर बळ वाढवावे. आपल्या बोरघाटात या दोहोंचा प्रत्यय येतो. रस्त्याने वळणे घेतली आणि गाडीवानांनी चढाला जादा बैलजोडी जुंपली. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली, तीही याच नियमाने. सदतीस फुटांस एक फूट एवढा तिचा तीव्रतम चढ. त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले, आणि तरीही गाडीला मागून रेटावयास वेगळी इंजिने लागली. कर्जतला ती इंजिने जोडली जात असताना आपल्यापैकी कितीजणांनी फलाटावर उतरून बटाटेवडा घेतला असेल! सायकलस्वाराला मात्र जादा बैलही नाहीत नि मागचे इंजिनही नाही. त्याची शक्ती ठरलेली. ती वाढवता येत नाही. त्याला तिसराच उपाय शोधावा लागला, आणि तो म्हणजे सौदा: वेग द्यावा व बळ घ्यावे. पुढचे दातेरी चक्र लहान व मागचे मोठे केले, की पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल थोडे अंतर जाते, पण तो फेरा हलका होतो. तत्त्व इतके साधे, की ते मान्य होण्यास फारसा विलंब लागू नये असे वाटते. प्रत्यक्षात जवळजवळ अर्धे शतक लागले.

सायकल आपल्याकडे फार लवकर आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ नांगराने नव्हे, बेळगावातील सायकलींच्या दुकानाने झाला. ती गोष्ट १८८८ ची. सायकली विकणे आणि गिऱ्हाइकांना त्या चालवावयास शिकवणे, असा दुहेरी व्यवसाय होता. ज्याने बेळगावच्या आसपासचे रस्ते पाहिले आहेत त्याला त्या पहिल्या शिष्यांची दया येईल. एकाच दातांची ती यंत्रे, चढ आला की उतरावे आणि ढकलावे.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये सेंत-एत्येन या डोंगराळ गावी पॉल द विवी नावाचा एक गृहस्थ सायकलींचे एक नियतकालिक चालवीत होता. रेशमाचा व्यापार सोडून तो या छंदात पडला होता आणि ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिही. त्याच्याविषयी अशी हकिकत सांगतात की, गावाजवळचा कोल द ला रेपुब्लिक हा घाट तो घाम गाळीत चढत असता त्याच्याच नियतकालिकाचा एक वाचक तोंडात पाइप धरून, धूर सोडीत, शांतपणे त्याच्या पुढून निघून गेला. कारण एवढेच, की त्या वाचकाच्या सायकलीचे दांते हलक्या चालीचे होते. संपादकाला वाचकाने असा धडा द्यावा हे प्रसंग तसे विरळाच. आणि संपादकाने तो मुकाट्याने घ्यावा हे त्याहून विरळ. व्हेलोसिओने तो घेतला. सपाटीला एक आणि चढाला दुसरी, अशा दोन साखळ्या बसवून त्याने प्रयोग सुरू केले, आणि चालत्या सायकलीवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे आज ज्याला आपण डिरेलर म्हणतो त्याचा, तो आमरण पुरस्कर्ता राहिला. १९३० मध्ये तो वारला.

त्याच्या विरुद्ध बाजूस उभा होता आंरी देग्रांज. १९०३ मध्ये फ्रान्सभोवतीची सुप्रसिद्ध शर्यत सुरू करणारा हाच. त्याच्या आदल्या वर्षी डोंगराळ वाटेवर एक चाचणी घेण्यात आली होती. एका बाजूस एकाच गियरवर चालणारा नामांकित शर्यतपटू एदुआर फिशर, दुसऱ्या बाजूस तीन गियरांच्या सायकलीवर मार्त एस नावाची स्त्री. जिंकली ती स्त्री, आणि तीही चढावर एकदाही पाय जमिनीला न टेकता. यावर देग्रांजचे म्हणणे असे, की चाचणी उत्तम झाली. तथापि गियर बदलण्याची सोय पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी, स्नायूंच्या बळावर जिंकणाऱ्यास ती शोभत नाही. पुढे १९१० मध्ये त्याच्या शर्यतीने पिरेनीजचे प्रचंड घाट चढावयास घेतले, तरी नियम तोच राहिला. मागील चाकाच्या दोन बाजूंस दोन वेगळी दातेरी चक्रे असत. घाट लागला की स्पर्धकाने उतरावे, चाक काढावे, उलटे बसवावे आणि पुन्हा स्वार व्हावे. तुल्लियो कांपान्योलो नावाच्या इटालियन स्वाराला १९२७ साली म्हणे अशाच एका घाटावर थंडीने बधिरलेल्या बोटांनी चाकाचे नट सुटेनात; त्यातून पुढे त्याने चाक क्षणात सोडविण्याची कळ शोधली. डिरेलरला त्या शर्यतीत मुभा मिळाली ती १९३७ साली. पस्तीस वर्षे चाललेला हा हट्ट यंत्राच्या अडचणीचा नव्हता, निव्वळ अभिमानाचा होता. हलका गियर म्हणजे कबुली, असे त्या लोकांस वाटे.

आपल्याकडे हा वाद झालाच नाही, कारण निवड करावयास काही नव्हते. स्वातंत्र्यानंतर येथेच चेन्नईत, अंबत्तूरला, सायकलींचा मोठा कारखाना उभा राहिला. उत्तरेस लुधियान्यालाही राहिला. या कारखान्यांच्या काळ्या, भरभक्कम सायकलींनी शिक्षक, पोस्टमन आणि दूधवाले यांना पाय दिले. त्यांचे दांते बहुधा पुढे ४४ आणि मागे १८. सपाट मुलखास हे प्रमाण उत्तम. बोरघाटास मात्र नाही. विद्यार्थिदशेत आम्ही चार मित्र खोपोलीहून वर निघालो होतो, ते शिंगरोबाच्या देवळापर्यंतही सायकलीवर पोहोचलो नाही. ज्या धनगराने इंग्रज इंजिनिअरांना वाट दाखविली अशी आख्यायिका आहे, त्याच्या देवळापाशी आमच्या सायकली ढकलतच गेल्या. मुंबई-पुणे शर्यतीत घाटात पहिला येणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही त्या राजाची प्रजाही शोभलो नसतो.

आता थोडे गणित. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरा, आणि दहास एक असा चढ. साधारण प्रकृतीचा, सवयीचा मनुष्य तासनतास टिकवू शकेल अशी शक्ती सुमारे १५० वॅट. या हिशेबाने त्याचा वेग निघतो ताशी सहा किलोमीटर, म्हणजे मिनिटास शंभर मीटर. ४४ व १८ दांत्यांची सायकल पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर जाते. म्हणजे स्वाराला मिनिटास अठरा-एकोणीस फेरे पडतील. इतक्या संथ फेऱ्यांवर तोल सांभाळणेच अशक्य, आणि प्रत्येक फेऱ्याचा भार गुडघ्यावर. शर्यतीच्या सायकलीवर पुढे ३९ व मागे २३ असले तर फेरे अठ्ठावीस. पुढे ३४ व मागेही ३४ असतील तर सत्तेचाळीस. आणि पुढे ३० व मागे ३६ असतील तर सत्तावन्न. हे शेवटचे प्रमाण म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेराही पुरा होत नाही. तरुण मंडळी त्याला हसतात.

मला सायकल विकणाऱ्याने शर्यतीचे दांते दिले, कारण त्याने मला सिरुसेरीच्या सपाटीवरच पाहिले होते. चूक त्याची अर्धी. अर्धी माझी, कारण ‘हलके नको’ असे मीच सांगितले होते. येलगिरीच्या घाटात ती चूक उघडी पडली. जोलारपेट्टै स्थानकापलीकडचा हा डोंगर आपल्यापैकी बेंगळूर गाडीने ये-जा करणाऱ्यांनी खिडकीतून पाहिला असेल. घाटात चौदा तीव्र वळणे आहेत व त्यांतील काहींना तमिळ कवींची नावे दिलेली आहेत. चेन्नईहून सायकलीने गेल्यास हा घाट सव्वादोनशे किलोमीटरांच्या सपाट वाटचालीनंतर समोर येतो, आणि त्यातच साऱ्या प्रश्नाची मेख आहे. लांब पल्ल्याच्या स्वाराने दांते निवडावयाचे ते सकाळच्या ताज्या पायांकडे पाहून नव्हेत, तर संध्याकाळच्या पायांकडे पाहून. पहिल्या वळणास मी जोरात होतो. चौथ्या कवीपाशी गुडघा बोलू लागला, सहाव्यापाशी मी उतरलो.

हलक्या गियरलाही किंमत मोजावी लागते, हे सांगितले पाहिजे. मागच्या चक्रांचा पट ११ पासून ३६ पर्यंत ताणला की लगतच्या दोन चक्रांतील अंतर वाढते. दुपारी समुद्राचा वारा तोंडावर घेऊन महाबलिपुरम्हून परतताना एक गियर जड वाटतो आणि त्याच्या खालचा फारच हलका. मधला हवा असतो नि नसतो. शिवाय मागचा डिरेलर किती दात्यांपर्यंत पोहोचतो याला मर्यादा असते, ती न पाहता मोठे चक्र बसविले तर साखळी अडकते. म्हणून मी अखेर निर्णय घेतला तो दुसऱ्या टोकाचा त्याग करण्याचा. पुढचे मोठे चक्र ५० ऐवजी ४६ केले. उतारावर मी यापुढे कुणाला मागे टाकणार नाही, एवढेच नुकसान; उतारावर मला पायडल मारावयाची नसतेच, कठड्याकडे पाहावयाचे असते.

गेल्या डिसेंबरात पुन्हा येलगिरीस गेलो. सोबत कचेरीतील एक तरुण सहकारी होता, शर्यतीच्या दांत्यांचा. पहिल्याच वळणाला तो दिसेनासा झाला. मी ३० आणि ३६ वर बसून राहिलो, श्वास मोजला, कवींच्या नावांच्या पाट्या अक्षरे जुळवीत वाचण्याचा प्रयत्न केला. माझे तमिळ पाटीपुरतेच आहे. चौदाही वळणे उतरल्याविना संपली आणि अथनावूरला पोहोचून चहा घेतला. किती वेळ लागला ते मी मोजले नव्हते. त्या तरुणाने मोजले होते, पण सौजन्याने तो आकडा मला सांगितला नाही.