खालित्यावरील 'नैसर्गिक' उपचारांचा इतिहास : ग्रंथांतील साध्यासाध्यविचारापासून जाहिरातीतील हमीपर्यंत

प्रस्तावना :

पुरुषांचे केस विरळ होणे व टक्कल पडणे ही प्राणघातक व्याधी नव्हे. तथापि तिच्यावरील उपचारांचा शोध मानवाने अतिप्राचीन काळापासून घेतला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे उपलब्ध झाली आणि त्यांच्या दुष्परिणामांची चर्चाही सुरू झाली. त्या चर्चेबरोबर 'नैसर्गिक' पर्यायांची मागणी वाढली. माका, आवळा, जास्वंद, ब्राह्मी यांच्या जोडीला आता रोझमेरी व भोपळ्याच्या बियांचे तेलही आले आहे. आपल्या वर्गांत बसणारे विशीतील तरुण या वस्तूंचे मोठे ग्राहक आहेत. त्यांच्या श्रद्धेमागे दोन गृहीतके दिसतात : जे नैसर्गिक ते निर्धोक आणि जे पारंपरिक ते सिद्ध. या गृहीतकांची ऐतिहासिक तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) प्राचीन ग्रंथांतील केशपतनाच्या विचाराचे स्वरूप पाहणे.
२) वसाहतकाळात उपचाराचे विक्रेय वस्तूत रूपांतर कसे झाले याचा मागोवा घेणे.
३) आधुनिक औषधे व वनस्पतिजन्य पर्याय यांचा पुरावा एकाच कसोटीवर तपासणे.

१. प्राचीन ग्रंथांतील विचार :

इ.स.पू. १५५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये टकलावर सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप इत्यादींची चरबी लावण्याचा उपाय सांगितला आहे. आपल्याकडे अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील १३६ व १३७ ही सूक्ते केसांच्या वाढीसाठी आहेत. त्यांत नितत्नी या वनस्पतीला आवाहन असून, जमदग्नीने आपल्या मुलीसाठी केस वाढविणारी वनस्पती खणून काढल्याचा उल्लेख आहे. या टप्प्यावर मंत्र आणि औषध यांची फारकत झालेली नव्हती.

सुश्रुतसंहितेत मात्र विचाराची पातळी बदलते. निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी केशपतनाची संप्राप्ती दिली आहे. वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस पाडते आणि त्यानंतर रक्तासह कफ रोमकूपांचा मार्ग बंद करतो, म्हणून तेथे पुन्हा केस येत नाहीत, असे हे विवेचन आहे. ते आजच्या शरीरशास्त्राशी जुळत नाही. पण केस का पडतात आणि नवे का येत नाहीत, हे दोन प्रश्न येथे स्वतंत्रपणे विचारलेले दिसतात, हे महत्त्वाचे आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याहून सूक्ष्म भेद आढळतो. उत्तरस्थानात इंद्रलुप्त आणि खलति अशा दोन अवस्था वेगळ्या केल्या असून, खलतीमध्ये केस क्रमाक्रमाने गळतात असे म्हटले आहे. इंद्रलुप्त म्हणजे आपण ज्याला 'चाई' म्हणतो तो विकार, असे सामान्यतः मानले जाते. तर खलतीचे वर्णन हळूहळू पडणाऱ्या टकलाशी जुळते. वाग्भट एवढ्यावर थांबत नाही. सर्व दोषांपासून उद्भवलेली, नखासारखी चकचकीत आणि अग्नीने भाजल्यासारखी निर्लोम झालेली खलति त्याने असाध्य ठरविली आहे. उपचाराच्या आधी निदान आणि निदानाबरोबर साध्यासाध्यविचार हा या परंपरेचा कणा होता.

परंपरेचे केवळ गुणगानही इष्ट नव्हे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात हस्तिदंताची मषी व रसांजन यांच्या लेपाने तळहातावरही केस उगवतात असे विधान आहे. ही अतिशयोक्तीच होय. म्हणजे संयम आणि अतिरंजन या दोन्ही प्रवृत्ती एकाच परंपरेत नांदत होत्या. पुढील काळाने त्यांतील कोणती उचलली, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

२. हे उपचार सौम्य होते काय?

'नैसर्गिक म्हणजे सौम्य' हे समीकरण प्राचीन ग्रंथांना ठाऊक नव्हते. सुश्रुताने इंद्रलुप्तावर सिरावेध करून मिरी, मनःशीळ, हिराकस व मोरचूद यांचा लेप सांगितला आहे. मनःशीळ हे आर्सेनिकचे खनिज, तर मोरचूद हे तांब्याचे क्षार. पर्यायी उपचारात त्वचा खरवडून गुंजेचा कल्क लावावयाचा असे. अभ्यंगाच्या तेलात मालती, करंज व चित्रक यांच्याबरोबर कण्हेर असे. गुंजेच्या बीत अॅब्रिन हे तीव्र विष असते आणि कण्हेरही विषारी आहे. हे उपचार वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचे होते. चरकसंहितेतही खालित्यासाठी प्रथम शोधन, नंतर नस्य व डोक्याला अभ्यंग असा क्रम आहे. नुसते तेल चोळणे हा त्या चिकित्सेचा एक भाग होता, संपूर्ण चिकित्सा नव्हे.

कोकणात व घाटावर घरोघरी खोबरेल तेलात माका किंवा जास्वंद उकळून तेल करण्याची रीत आहे. ती केसांच्या निगेची रीत होय. तेलाने केसांचे घर्षण कमी होते व ते तुटण्याचे प्रमाण घटते. मात्र तुटणारा केस वाचविणे आणि आक्रसलेल्या रोमकूपातून नवा केस उगवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

३. वसाहतकाळ : उपचाराची वस्तू होते :

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रोलंड यांचे मॅकॅसर तेल इतके खपले की खुर्च्यांच्या पाठी तेलकट होऊ नयेत म्हणून घालावयाच्या कापडालाच 'अँटिमॅकॅसर' हे नाव पडले. याच शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात देशी केशतेलांचा उद्योग उभा राहिला. जबाकुसुम, म्हणजे जास्वंदीच्या नावाचे तेल, तसेच हेमेंद्रमोहन बोस यांचे 'कुंतलीन' ही त्याची ठळक उदाहरणे होत. देशी भांडवल, देशी वनस्पती आणि ग्रंथांची प्रतिष्ठा यांचा हा संगम होता. या उद्योगाचे राष्ट्रीय मोल नाकारता येत नाही.

हेमेंद्रमोहन बोस यांनी कथांसाठी 'कुंतलीन पुरस्कार' ठेवला. कथेत त्यांच्या उत्पादनाचा उल्लेख यावा, परंतु ती जाहिरात वाटू नये, अशी अट होती. १८९६ मध्ये हा पुरस्कार जगदीशचंद्र बोस यांच्या विज्ञानकथेला मिळाला. तापातून उठलेला, केस गळू लागलेला निवेदक समुद्रप्रवासाला निघतो. त्याची मुलगी सामानात केशतेलाची बाटली ठेवते. वादळात ती बाटली समुद्रात टाकल्यावर लाटा शांत होतात. पृष्ठताणाच्या तत्त्वावर रचलेली ही मिस्कील कथा आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा आरंभ अर्थपूर्ण आहे. दीर्घ तापानंतर काही आठवड्यांनी होणारी केसगळती ही बहुधा तात्पुरती असते व काही महिन्यांत केस आपोआप परत येतात. चाईतही अनेकदा केस स्वतःहून उगवतात. अशा प्रसंगी लावलेल्या कोणत्याही तेलाला यशाचे श्रेय मिळणार, हे उघड आहे. अनुभव खरा असतो; त्यावरून काढलेले अनुमान चुकीचे असते. वाग्भटाने राखलेला भेद बाटलीवरील चिठ्ठीने पुसून टाकला. वैद्य रोगी पाहून औषध ठरवीत असे. बाटलीला मात्र सर्व रोगी सारखेच. हमी टिकून राहिली ती या भेदाच्या विस्मरणामुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

४. कारणाचा शोध आणि चिठ्ठीवरील औषधे :

षंढांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण हिप्पोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत आढळते. त्याची शास्त्रीय उकल होण्यास दोन सहस्रकांहून अधिक काळ लागला. १९४२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिले की, पौगंडावस्थेपूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. परंतु त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांचे केस जाऊ लागतात. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली व सहकाऱ्यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे विकर, म्हणजे फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज, या कुटुंबांतील काही पुरुषांत जन्मतः उणे होते. अशा पुरुषांत पुरुषी टक्कल आढळत नाही. या विकरास रोखणारे फिनास्टेराइड १९९२ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि १९९७ मध्ये एक मिलिग्रॅम मात्रेत टकलासाठी मान्य झाले.

मिनॉक्सिडिलची कथा योगायोगाची आहे. १९७९ मध्ये ते रक्तदाबावरील गोळी म्हणून अमेरिकेत मान्य झाले होते. रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसले आणि १९८८ मध्ये त्याच्या द्रावणास टकलासाठी मान्यता मिळाली. १९९६ पासून तेथे ते चिठ्ठीविना मिळू लागले.

या औषधांच्याही मर्यादा आहेत. ती बंद केल्यास लाभ ओसरतो. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांत लैंगिक तक्रारी उद्भवतात. २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. म्हणून पर्याय शोधणाऱ्या तरुणाची भीती निराधार म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की, पर्याय म्हणून त्याच्या हाती नेमके काय दिले जाते?

५. वनस्पती कसोटीवर :

अमेरिकेच्या आग्नेय भागातील सॉ पामेटो या खुरट्या ताडाच्या फळांचा अर्क हा फिनास्टेराइडचा नैसर्गिक पर्याय म्हणून ओळखला जातो, कारण प्रयोगशाळेत तोही त्याच विकरास रोखतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात १०० पुरुषांना दोन वर्षे यांपैकी एकेक औषध दिले गेले. फिनास्टेराइड घेणाऱ्यांपैकी ६८ टक्के, तर सॉ पामेटो घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के पुरुषांत सुधारणा आढळली. परंतु कोण काय घेत आहे हे झाकलेले नव्हते व तुलनेसाठी निष्क्रिय गोळी घेणारा गटही नव्हता. याच अर्काची प्रोस्टेटच्या वाढीवर २२५ पुरुषांत जी काटेकोर चाचणी झाली (२००६), तीत तो निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

रोझमेरीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९९८ मध्ये स्कॉटलंडमधील ८६ रुग्णांवरील चाचणीत रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर व सीडर यांच्या तेलांच्या मिश्रणाने ४४ टक्के, तर नुसत्या वाहक तेलाने १५ टक्के रुग्ण सुधारले. मात्र हे रुग्ण चाईचे होते, पुरुषी टकलाचे नव्हते. २०१५ मध्ये इराणमधील १०० पुरुषांवरील अभ्यासात रोझमेरी तेल व दोन टक्के मिनॉक्सिडिल यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढली व गटांत लक्षणीय फरक नव्हता. येथेही निष्क्रिय द्रव्याचा गट नव्हता. पहिल्या अभ्यासाचा दाखला दुसऱ्या विकारासाठी देणे म्हणजे इंद्रलुप्त आणि खलति यांची पुन्हा गल्लत करणे होय.

२०१४ मध्ये कोरियातील ७६ पुरुषांना २४ आठवडे भोपळ्याच्या बियांच्या तेलाचे पूरक अथवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. केसांची संख्या अनुक्रमे सुमारे ४० व १० टक्क्यांनी वाढली. निष्कर्ष आशादायक आहे. पण त्या पूरकात इतर घटकही होते. आपल्या माक्यासंबंधी २००८ मध्ये भारतीय संशोधकांनी उंदीरवर्गीय प्राण्यांवर उत्साहवर्धक निरीक्षणे नोंदविली. तथापि प्राण्याच्या भादरलेल्या पाठीवर केस लवकर येणे आणि माणसाचे आनुवंशिक टक्कल भरून येणे यांत मोठे अंतर आहे.

६. कायद्याची भूमिका :

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ मध्ये चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या केशवर्धक द्रव्यांचा आढावा घेतला. बायोटिन, लॅनोलिन, जोजोबा तेल, गव्हांकुर तेल आदींपैकी एकही द्रव्य सुरक्षित व गुणकारी म्हणून सर्वमान्य नाही, असे तेव्हा ठरविले गेले. भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची 'जे'मध्ये, ज्यांच्या निवारणाचा दावा औषधाने करू नये अशा विकारांची यादी आहे. तीत टक्कल तसेच नवीन केस उगवणे यांचा समावेश आहे. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधांसाठी औषध कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले. परंतु 'निगा' आणि 'उपचार' या शब्दांतील सीमारेषा धूसर असल्याने, सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलाचे चित्र जे सुचविते ते शब्दांत लिहावे लागत नाही.

निष्कर्ष :

१) 'नैसर्गिक' आणि 'निर्धोक' हे समानार्थी आहेत, यास प्राचीन ग्रंथांचा आधार नाही.
२) ग्रंथांतील प्रकारभेद व साध्यासाध्यविचार बाजारपेठेने वगळला आणि अतिशयोक्ती तेवढी उचलली.
३) आपोआप भरून येणाऱ्या केसगळतीचे यश आनुवंशिक टकलाच्या उपायांच्या नावावर जमा होत आले आहे.
४) काही वनस्पतींचा पुरावा पुढील संशोधनास पात्र आहे, हमी देण्याइतका तो भक्कम नाही.

समारोप :

परंपरेचा अभिमान आणि परंपरेची चिकित्सा यांत विरोध मानण्याचे कारण नाही. माक्याची निष्क्रिय तेलाशी तुलना करणाऱ्या काटेकोर मानवी चाचण्या करणे हा वाग्भटाचा अवमान नसून त्याच्या पद्धतीचाच विस्तार ठरेल. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, संस्कृत आणि इतिहास या विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावा असा हा विषय आहे. तोपर्यंत केस गळत असल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला तेलाचे नाव सुचविण्याआधी, गळती कोणत्या प्रकारची आहे हे त्वचारोगतज्ज्ञांकडून समजून घेण्याचा सल्ला द्यावा. ज्याचे टक्कल भरून येण्याजोगे नाही, त्याला ते स्पष्टपणे सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे. असाध्यास असाध्य म्हणण्याचे धैर्य आपल्या ग्रंथकारांनी दाखविले होते. त्यांचा खरा वारसा तोच होय.