मांडवातून शाळेकडे

देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ कशाला, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढून विचारला. सातारा-सांगलीकडच्या गावांनी त्याचं उत्तर मांडवात दिलं: भटजीवाचून लग्नं लागली. पण आपला विधी आपण करायचा, तर अक्षरओळख हवी. १९१९ साली कराडजवळ काले इथं भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात नाना जातींची मुलं एका पंगतीला बसली. १९४२ नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं कमी खर्चाची ‘गांधी लग्नं’ लावली. स्वातंत्र्य उंबऱ्याशी येता येता धर्मविचार असा पंगतीत नि गावकारभारात उतरला. मात्र लग्नापायी आजही कर्ज काढणाऱ्या घरानं स्वतःला विचारावं: मध्यस्थ गेला, मोठेपणाचा सोस गेला का?