कापूस गेला, मासळी राहिली

मंडळी, मुंबईच्या औद्योगिक क्रांतीचा विषय निघाला की आपण थेट परळ-लालबागच्या गिरण्यांकडे वळतो. शाळेच्या पुस्तकातला क्रमही ठरलेला: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणी काढली, आणि पुढे धुराड्यांचे रानच उभे राहिले. पण आमच्या कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहून वाटते, ही गोष्ट किनाऱ्यावरून सांगायला हवी. गिरण्यांच्या आधी इथे कापूस आला, आणि त्याने किनाराच बदलला.

कुलाबा हे मुळात वेगळे बेट, कोळ्यांच्या वस्तीचे. १८३८ मध्ये कॉजवे बांधला गेला आणि बेट मुंबईला जोडले गेले. मग कोटातला कापसाचा बाजार कुलाब्याला हलला. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्याच भरात बॅकबे बुजवण्यासाठी कंपनी निघाली. रेल्वेला कुलाब्यापर्यंत जागा हवी होती, हे निमित्त. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव गडगडले, कंपनी बुडाली आणि भल्याभल्यांची दिवाळी निघाली. समुद्र बुजवायची कल्पना मात्र बुडाली नाही. आजचे कफ परेड बरेचसे भरावावरच उभे आहे.

१८७५ मध्ये ससून डॉक सुरू झाला, तोही मुख्यतः कापसाच्या व्यापारासाठी. पाच वर्षांनी प्रिन्सेस डॉक झाला, मोठा व्यापार तिकडे सरकला. कापसाचा बाजारही पुढे शिवडीला गेला.

माणसेही बदलली. रत्नागिरी, साताऱ्याकडचे शेतकरी चाळीत राहून भोंग्यावर चालू लागले. रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडून मिळवावी लागली, ती १८९० मध्ये. त्या गिरण्याही १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावल्या.

आणि ससून डॉक? तिथे आज पहाटे मासळीचा लिलाव चालतो. कापसासाठी बांधलेला धक्का कोळ्यांच्या कामी आला, हा इतिहासाचा गमतीदार न्याय. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. भराव घातला की आपण म्हणतो, शहराला जमीन मिळाली. कोळ्याच्या लेखी तेवढेच शेत गेलेले असते, आणि ते कोणत्याच सातबाऱ्यावर नसते.

म्हणून मला वरळीची गोष्ट महत्त्वाची वाटते. किनारी रस्त्याच्या पुलाखालून होड्या नीट जाव्यात म्हणून खांबांमधले अंतर वाढवा, असा तिथल्या कोळ्यांनी हट्ट धरला. ६० मीटरचे अंतर एका ठिकाणी १२० मीटर करायचे सरकारने २०२२ च्या अखेरीस मान्य केले. १८६० च्या दशकात असे विचारायला कोणी आले नव्हते. प्रगती मोजायची तर मी रस्त्याच्या लांबीइतकेच हेही अंतर मोजीन.

असो. घरात कोणी गिरणीत किंवा गोदीत काम केले असेल, तर त्यांच्या आठवणी लिहून ठेवा. पुस्तकात त्या सापडणार नाहीत.