साणे, धुराडे आणि न दिसणारा वायू

लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत घातलेल्या धाब्याच्या घरात छताला जे भोक ठेवत, त्याला साणे म्हणत. त्यातून उजेड आत येई आणि चुलीचा धूर बाहेर जाई, परंतु पाऊस लागला की ते झाकावे लागे व धूर घरातच कोंडे. या धुराचे उपयोगही होते, कारण चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसे त्याने किडीपासून वाचत आणि छपराचे लाकूड टिके. त्यामुळे धुराला कोणी घराचा वैरी मानले नाही, आणि फुंकणी हाती घेऊन चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळे व छाती यांची झीज दीर्घकाळ कुणाच्या हिशेबात आली नाही.

निखाऱ्यांची शेगडी धूर करत नाही, म्हणून ती निर्धोक समजली जाई. प्रत्यक्षात बंद खोलीत तीच अधिक घातक ठरते. जळणाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला वायू तयार होतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून बाजेखाली शेगडी ठेवण्याची रीत मायेपोटीच रूढ झाली, पण तिने माय-लेकरांना नेमक्या याच वायूच्या तोंडी दिले.

धुराचा प्रश्न चुलीच्या घडणीतून सोडवण्याचे प्रयत्न वर्ध्याच्या मगनवाडीत झाले. अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या या केंद्रात तयार झालेल्या ‘मगन चुली’ला धुराडे, म्हणजे धूर छपराबाहेर नेणारी नळी, जोडलेले होते. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. तरीही केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू होण्यास १९८३ साल उजाडले. त्याच वर्षी संशोधक कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धुराची मोजमापे प्रसिद्ध केली. ज्याची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसली, ते अखेर आकड्यांत आले.

२००२ मध्ये थांबलेल्या या कार्यक्रमात कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या, पण त्यांतील पुष्कळ लवकरच निकामी झाल्या. धुराड्यात काजळी साचून ते तुंबे, भांडे वैलावर, म्हणजे चुलीच्या जोडतोंडावर, नीट बसत नसे, आणि दुरुस्तीला गावात कुणी नसे. चूल वाटली, पण तिची देखभाल करणारा माणूस घडवला नाही, हा या योजनेचा मोठा दोष म्हणावा लागेल. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने ‘लक्ष्मी’ चुलीचे साचे कुंभारांपर्यंत व ग्रामीण कारागिरांपर्यंत पोचवले, ते या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर खेडोपाडी गेला, तरी तो पुन्हा भरून घेण्याचा खर्च न झेपल्याने अनेक घरांत चूल पेटतच राहिली. शहरांत याच काळात बंद न्हाणीघरातील गॅस गीझरच्या कार्बन मोनॉक्साइडने बळी घेतले आहेत, आणि तेथेही वायू बाहेर नेणारी नळी व हवेला मोकळी वाट यांवाचून दुसरा भरवशाचा उपाय नाही.